विश्लेषण : पायांवर सूज, पण दुखणे हृदयाच्या उजव्या बाजूचे?

संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, घोट्यावर बोट दाबले की खड्डा पडतो, दोन घास खाल्ले की पोट गच्च होते. अशा तक्रारींचे खापर बहुधा वयावर, मूत्रपिंडावर किंवा यकृतावर फुटते. छातीत दुखत नसल्याने हृदयाचा विचार मागे पडतो. प्रत्यक्षात हृदयाची उजवी बाजू थकू लागली की तिची खूण अनेकदा पायांतच दिसते.

उजवी बाजू नेमके काय करते?

शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या बाजूला येते आणि तेथून फुप्फुसात जाते. हा प्रवास जवळचा. त्यामुळे उजव्या खालच्या कप्प्याला साधारण २५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पुरतो. डाव्याला १२०च्या आसपास लागतो. साहजिकच उजव्या कप्प्याची भिंत पातळ, जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाडीची असते. जास्तीचे रक्त तो सामावून घेतो, पण पुढचा दाब वाढला की लवकर हार मानतो. मग रक्त मागे तुंबते. मानेच्या शिरा फुगतात, यकृताला सूज येते, पोटात पाणी होते, पाय सुजतात. ‘हार्ट फेल्युअर’ या शब्दाने घरचे घाबरतात. त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. गरजेइतके काम त्याच्याकडून होत नाही, एवढाच आहे.

ती थकते कशामुळे?

सर्वांत मोठे कारण डावी बाजू. ती कमकुवत झाली की फुप्फुसात रक्त साचते आणि तो भार उजवीवर येतो. मायट्रल झडप अरुंद झाल्यावरही हेच होते. लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने ही झडप खराब झालेले रुग्ण भारतात आजही दिसतात.

दुसरे कारण फुप्फुसे. सीओपीडी, क्षयरोग बरा झाल्यावर उरलेले व्रण, घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे यांमुळे रक्तातील प्राणवायू कमी पडतो. तसे झाले की फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो आणि उजवा कप्पा ताणला जातो. या प्रकाराला ‘कॉर पल्मोनेल’ म्हणतात. दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५०च्या दशकातच त्याचा अभ्यास केला होता. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांमध्येही हा आजार का, या प्रश्नाचा माग चुलीच्या धुरापर्यंत जात होता. गॅस घरोघरी पोहोचला असे आपण सहज म्हणतो. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्केच होती. म्हणून सुजलेल्या पायांनी आलेल्या आजींना ‘विडी ओढता का’ एवढेच विचारून भागत नाही. स्वयंपाक कशावर केला आणि किती वर्षे, हेही विचारावे लागते.

याखेरीज फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, फुप्फुस धमन्यांचा स्वतंत्र विकार आणि जन्मजात छिद्रे ही कारणेही आहेत.

निदान कसे होते?

सुरुवात यंत्राने होत नाही. रुग्णाला ४५ अंशांत टेकवून मानेची शीर पाहिली, तरी बरेच कळते. शीर फुगलेली नसेल, तर पायांच्या सुजेचे कारण दुसरीकडे शोधावे लागण्याची शक्यता वाढते. त्यानंतर ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि महत्त्वाची म्हणजे इको. उजव्या कप्प्याची झडपेजवळची कड प्रत्येक ठोक्याला किती सरकते, हे इकोत मोजतात; १७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कप्पा अशक्त मानला जातो. उपचाराची दिशा ठरवताना नेमका दाब हवा असेल, तर शिरेतून नळी घालून तो मोजावा लागतो. फुप्फुस धमनीतील सरासरी दाब २०च्या वर गेला तर तो वाढलेला समजतात. हृदयावरचे आवरण क्षयरोगामुळे कडक झाले तरी लक्षणे जवळपास अशीच असतात आणि तो रुग्ण शस्त्रक्रियेने सुधारू शकतो. त्यामुळे ही शंका आधीच फेडून घेतलेली बरी.

उपचार काय?

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरते, मूळ दुखणे मात्र तसेच राहते. आतड्यांनाच सूज असेल तर गोळी नीट शोषली जात नाही, मग तेच औषध शिरेतून द्यावे लागते. पाणी फार काढले तर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे कुरकुरतात. म्हणून डोस स्वतःहून वाढवणे धोक्याचे. खरा उपचार कारणाप्रमाणे बदलतो : झडपेची दुरुस्ती, गुठळीसाठी रक्त पातळ करणारी औषधे, काही जुन्या गुठळ्यांवर शस्त्रक्रिया. सीओपीडीत प्राणवायू फारच कमी असेल, तर घरी दिवसाला किमान १५ तास प्राणवायू घेतल्याने आयुष्य वाढते. सिल्डेनाफिलसारखी औषधे धमन्यांच्या स्वतंत्र विकारात उपयोगी पडतात. डाव्या बाजूच्या आजारामुळे दाब वाढला असेल तर ती सरसकट दिली जात नाहीत.

घरी करण्यासारखे म्हणजे रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करणे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही हिशेबात धरावे.

आणि हृदयविकाराचा झटका उजव्या बाजूला आला तर?

हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका येतो, तेव्हा अनेकदा उजवा कप्पाही त्यात सापडतो. येथे नेहमीचे गणित उलटते. हा कप्पा भरून येणाऱ्या रक्तावरच तग धरून असतो. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर शिरा सैलावतात, परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. लघवीच्या इंजेक्शनानेही तेच. यासाठीच अशा रुग्णाचा ईसीजी छातीच्या उजव्या बाजूलाही काढतात. रक्तदाब कमी असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर शेजाऱ्याच्या डबीतली गोळी देण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.