श्वास मोजावा कसा?

रोवणीचे दिवस. बांधीतून थेट उपकेंद्रावर आलेली आई म्हणते, "बाई, पोराले जरासा खोकला हाय जी. रातभर झोपला नाही." अशा वेळी जाणती परिचारिका आधी काय करते? ती कानाला नळी लावत नाही, मुलाला हातही लावत नाही. मूल आईच्या मांडीवर शांत आहे तोवर अंगडे वर करायला आईलाच सांगते आणि घड्याळ जवळ धरून त्याचे पोट पाहते. परका हात लागून मूल रडले, की मोजणी वाया गेली.

पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोजायचे ते पुरते एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण तान्ह्याचा श्वास कधी भरभर चालतो, कधी क्षणभर थांबतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. वर्षाच्या आत ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याला नुसता खोकला म्हणू नये. तो न्यूमोनिया असू शकतो.

मोजता येत नाही, ही सबब चालायची नाही! शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी दायांसाठी मण्यांचे साधन केले. सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा.

गुरुजी, वर्गात मुलांना एकमेकांचे श्वास मोजायला लावून पाहा. कोणी मोजते आहे हे कळताच श्वास बदलतो. म्हणूनच परिचारिका मोठ्या माणसाची नाडी पाहून झाल्यावरही मनगट सोडत नाही. नजर मात्र छातीवर असते. तिथे मिनिटाला १२ ते २० हे ठीक.

पण आकड्यावरच विसंबू नका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, मूल पीत नाही, झटके येतात किंवा ते सुस्त पडले आहे, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. दमलेल्या मुलाचा श्वास मंदही होतो, आणि घरच्यांना वाटते, उतार पडला.

निघताना चिठ्ठीवर वेळ आणि आकडा लिहून द्या: 'रात्री ९, श्वास ५६'. भंडाऱ्याला पोचल्यावर तिथली परिचारिका पुन्हा मोजील, तेव्हा वाटेत आजार वाढला की कमी झाला, हे तिला त्या चिठ्ठीवरूनच कळेल.