खाणपट्ट्याचा विसार : शब्द मोडला तर?

सिद्धेश्वर परिसरात खडी-मुरुमाचा धंदा करू पाहणारे बांधव शेतकऱ्यास विसार देऊन, ठरलेल्या मुदतीत जमीन पट्ट्याने घेण्याचा हक्क राखून ठेवू शकतात. पण जमीन शेतकऱ्याची असली तरी खनिजाचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार शासनाचा आहे. परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही.

मुदतीत लेखी होकार कळवूनही मालकाने जमीन दुसऱ्यास दिली, तर करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. करारात दंडाची रक्कम लिहिली असल्यास कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा होय. न्यायालय वाजवी तेवढीच देते. आपणच मुदत चुकवली, तर हक्क संपतो. भरपाईचा दावा करारभंगापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा.

परवानगी नाकारली गेल्यास विसार परत मिळेल काय, हे आधीच लिहून घ्यावे. सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करतानाही तो पाळावा. त्यात पैसाही वाचतो आणि नातेही.