फर्निचर म्हणजे नेमकं काय? दुकान घेण्याआधी हा शब्द समजून घ्या



"फर्निचर : 2 लाख." नवीन दुकानाच्या बजेटमध्ये ही ओळ हमखास असते. यात काय काय आलं असं विचारलं की यादी सुरू होते: काउंटर, रॅक, शोकेस, फॉल्स सीलिंग, लाइट, काचेचा दरवाजा. आपण या सगळ्याला फर्निचरच म्हणतो. बोलताना ते चालतं. करारात आणि हिशेबात मात्र इथेच पैसे अडकतात.

शब्द कुठून आला?
इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला. तिथे मूळ अर्थ 'पुरवठा'. गंमत म्हणजे टेबल-खुर्चीसाठी फ्रेंच लोक वेगळाच शब्द वापरतात, आणि त्याचा मूळ अर्थ 'हलवता येणारं'. इंग्रजीत दाराच्या कड्या-मुठींना 'डोअर फर्निचर' आणि रस्त्यावरचे बाक, दिव्याचे खांब यांना 'स्ट्रीट फर्निचर' म्हणतात. आणि हो, कोटेशनवर 'फर्निचर्स' लिहू नका. इंग्रजीत या शब्दाचं अनेकवचन होत नाही.

दुकानदारासाठी दोनच गट
1. उचलून नेता येतं ते: काउंटर, सुटे रॅक, खुर्च्या, टेबल. हे खरं फर्निचर.
2. भिंतीला, छताला, जमिनीला जोडलेलं: फॉल्स सीलिंग, टाइल्स, वायरिंग, काचेचा दरवाजा. हे फिक्स्चर आणि फिटिंग.

आता गणित बघा. समजा 2 लाखांपैकी 80,000 रुपये दुसऱ्या गटात गेले. जागा भाड्याची आहे आणि करार 36 महिन्यांचा. म्हणजे महिन्याला साधारण 2,222 रुपये जास्तीचं भाडंच झालं! करार 11 महिन्यांचा असेल आणि पुढे वाढला नाही, तर हाच आकडा सुमारे 7,273 वर जातो. म्हणून छोट्या कराराच्या जागेत पैसा पहिल्या गटात घाला.

करारात काय लिहायचं?
महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्यालाच वस्तूंची यादी जोडा: मालकाचं काय, तुमचं काय, जागा सोडताना काय नेणार आणि काय ठेवणार. तोंडी "बघू नंतर" नको. डिपॉझिट परत घेताना वाद याच गोष्टींवरून होतात.

हिशेबात काय लिहायचं?
आयकराच्या नियमांत फर्निचर आणि फिटिंगवर घसारा 10 टक्के मिळतो. 2 लाखांवर पहिल्या वर्षी 20,000, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 1,80,000 वर 18,000. पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्माच. कॉम्प्युटरचा दर मात्र 40 टक्के आहे. म्हणून बिलिंगचा कॉम्प्युटर 'फर्निचर'च्या बिलात घुसवू नका, वेगळं बिल घ्या. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

बँकेत कर्जासाठी जातानाही वस्तूवार कोटेशन न्या. एका ओळीत 2 लाख लिहिले की प्रश्न वाढतात.

आजचा गृहपाठ
एक कागद घ्या. तीन रकाने करा: वस्तू, किंमत, जागा सोडताना नेता येईल का? तिसऱ्या रकान्यात जिथे 'नाही' आलं, त्यांची बेरीज करा. ती बेरीज करारावर सही करण्याआधी बघायची, नंतर नाही!