वेरूळच्या अलीकडचा थांबा

दख्खनच्या दर्ग्यांवर लेख मागितला की आमची लेखकमंडळी थेट विजापूर गाठतात. गोलघुमट हा दर्गा नव्हे, मुहम्मद आदिलशहाची कबर आहे, हे त्यांना कोणी सांगायचं? घुमटाखाली प्रतिध्वनीसाठी आरोळ्या ठोकून झाल्या की लेखही संपतो. गुलबर्ग्याचा ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस आणि किल्ल्यातली अंगण नसलेली १३६७ची जामा मशीद, यांवर पुष्कळ लिहून झालंय. बिदरजवळच्या अष्टूरला मात्र वाट वाकडी करून जावं. तिथल्या अहमदशाह बहमनीला मुसलमान वली म्हणतात, लिंगायत अल्लमप्रभू मानतात.

पण माझा जीव अडकलाय खुलताबादेत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेल्या सहलीच्या गाड्या दौलताबादचा किल्ला दाखवतात, रस्त्याकडेला सीताफळं घेऊ देतात आणि इथे औरंगजेबाच्या कबरीपाशी माणसं उतरवून लगेच हॉर्न वाजवतात. उघडी मातीची कबर, वर सब्जाचं रोप, भोवतीची संगमरवरी जाळी व्हाइसरॉय कर्झनच्या सूचनेनंतर हैदराबादच्या निजामाने बसवलेली. रागावलेले तेवढीच बघतात, हळहळणारेही तेवढीच. अहो, बादशहा इथे पाहुणा! घर झैनुद्दीन शिराझींचं. त्यांच्याजवळ पुरावं म्हणून तर १७०७ साली नगरजवळ वारलेल्या माणसाला इथवर आणलं.

समोरच झैनुद्दीनांचे गुरू बुऱ्हाणुद्दीन गरीब. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य तुघलकाच्या काळात दक्षिणेत आले आणि १३३७ साली इथेच गेले. तापीच्या एका तीरावरचं बुऱ्हाणपूर त्यांच्या नावाचं, पलीकडचं झैनाबाद शिष्याच्या. दर्ग्याच्या फरशीतून म्हणे चांदीची झाडं उगवत आणि त्यांवर दर्ग्याचा खर्च चाले. पूर्वी मुजावर ओणवे होऊन फरशीतले चांदीचे कण बोटाने दाखवायचे, हातातला चहा निवेपर्यंत गोष्ट लांबवायचे. आता त्यांनी तोंड उघडायच्या आत लोकांचे फोटो काढून होतात. याच आवारात पहिला निजाम आहे. गावातच गोवळकोंड्याचा तानाशाह आहे, दौलताबादच्या कैदेत मेलेला. त्याला कैद करणारा बादशहा चालत जाता येईल इतक्या अंतरावर!

आणि मलिक अंबर. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, तिला नहरीचं पाणी दिलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. दोन वर्षांनी तो गेला. त्याची काळ्या दगडाची कबर खुलताबादेत आहे, शेजारी बायकोची लहानशी. मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतोय, पण सहलीच्या पत्रकात हे नाव येत नाही. मराठ्यांच्या इतिहासावर तासतासभर व्याख्यानं झोडणारे आमचे एक मित्रही तिथे फिरकलेले नाहीत. मलिक अंबर ज्याने लढला त्या गनिमी काव्यावर मात्र बोलतात!

शनिवारी गाव भद्रा मारुतीच्या भक्तांनी गजबजतं. श्रावणात तर लोक रातोरात चालत येतात. निजलेला मारुती बघून तीच माणसं दर्ग्याकडेही वळताना मी पाहिलीत. कोणी कोणाला हटकत नाही.

येताना डोक्यावर रुमाल असू द्या, चपला बाहेर काढा, आतल्या कबरीपाशी बायकांना जाऊ देतात का ते आधी विचारा. आणि शक्यतो मंगळवारी या. वेरूळची लेणी त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे गाडीवाल्यालाही घाई नसते.