कोपऱ्यापर्यंत तर जायचंय!

आमच्या गल्लीत एका मुलाला रिक्षाचा धक्का लागला आणि मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून रातोरात गतिरोधक घातला. तळमळ खरी होती. पण परवा मी टेप लावून पाहिला, तर उंची सहा इंच आणि रुंदी जेमतेम दीड फूट. ‘जितका उंच तितका सुरक्षित’ ही समजूत इथे सिमेंटात पक्की बसली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. म्हणजे चार इंच उंची आणि बारा फूट पसारा. त्यावरून ताशी 25 किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होत नाही, दणका बसतो तो वेगात येणाऱ्याला. आमचा उंचवटा हळू जाणाऱ्यालाही सोडत नाही. मागे बसलेल्या आजींची कंबर धरते आणि ज्यांच्यासाठी तो घातला ती पोरं गटाराकडच्या फटीतून स्कूटर दामटतात. पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. रात्री नवखा माणूस आपटतोच. गतिरोधक हवाच असेल, तर पालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज करायचा. खेटे घालावे लागतात, हे मान्य.

‘कोपऱ्यापर्यंत तर जायचंय, हेल्मेट कशाला?’ मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये अंतराची सवलत नाही. नियम मागे बसणाऱ्यालाही आहे आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. हनुवटीखालचा पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आधी निघून जातं, डोकं मागाहून आपटतं.

‘क्लासलाच तर नेतो गाडी.’ सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. दारात उभी असलेली 110 सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणाऱ्या बापांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

सगळ्यात घातक समजूत मात्र वेगळीच. जखमी रस्त्यात पडलेला असतो, भोवती वीसजण उभे असतात आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, ‘हात लावू नका, पोलिसांचं लफडं मागे लागेल.’ सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. पुढे कायद्यात कलम 134अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवून त्याला लगेच निघता येतं, अडवून ठेवता येत नाही, पैसे भरायला लावता येत नाहीत. 108 वर फोन केला म्हणून कुणी साक्षीदार होत नाही. व्हायचं की नाही, ते तोच ठरवतो.