लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघा

मिरकरवाड्याच्या बाजूला उजेडाची कमी नाही. समोर समुद्र, पश्चिमेचे ऊन, आणि दुपारनंतर पाण्यावरून उलटून आलेली तिरीप थेट दारातून घरात. जाळी आणि कपडे वाळवायला हे ऊन बरे. पण त्याच खोलीत मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते, किंवा मुलगा एखाद्या बोटीचा डिझेल-बर्फाचा हिशेब लॅपटॉपवर लिहीत असतो. त्यांना स्क्रीनवर अक्षरांच्या जागी दार, खिडकी आणि स्वतःचाच चेहरा दिसतो. मग मान वाकडी होते, डोळे बारीक होतात आणि संध्याकाळी कपाळ ठणकते. पुष्कळ मुले हे घरी सांगतही नाहीत. लॅपटॉप काढून घेतील, अभ्यास बंद पडेल, ही भीती असते.

म्हणून एवढे पैसे घालून लॅपटॉप घेताना रॅम आणि किंमत यांच्याआधी स्क्रीन तपासावी.

डोळ्यांना नेमके काय होते?

स्क्रीनवरच्या चकाकीने डोळे कायमचे खराब होत नाहीत. मात्र ते थकतात. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो, जळजळ होते, पाणी येते. चकाकी असली की अक्षर शोधायला आणखी ताण पडतो आणि चकाकी चुकवण्यासाठी माणूस वाकडा बसतो. मान आणि खांद्याचे दुखणे बरेचदा इथूनच सुरू होते.

चकचकीत आणि मॅट

पॉलिश केलेल्या स्टीलच्या ताटात आपला चेहरा दिसतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या ताटात नुसता पांढुरका उजेड दिसतो. स्क्रीनचेही तसेच आहे. चकचकीत स्क्रीन आरशासारखी वागते. मॅट, म्हणजेच अँटी-ग्लेअर, स्क्रीनचा पृष्ठभाग अगदी बारीक खरखरीत असतो. तो समोरचा उजेड विखरून टाकतो, त्यामुळे प्रतिबिंब पुसट होते.

पण मॅट स्क्रीन म्हणजे सगळे काम झाले असे नाही. थेट ऊन पडले तर तीही पांढुरकी दिसते. तिच्या स्वतःच्या उजेडात जोर असावा लागतो. हा उजेड 'निट्स' या मापात मोजतात. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन बहुधा २५० निट्सच्या आसपास असते. दारापासून दूर, ट्यूबलाइटखाली ती चालते. उजेडाच्या खोलीसाठी ३०० निट्स बरे. दाराजवळच बसावे लागत असेल तर ४०० निट्स शोधावे.

तिसरी गोष्ट आयपीएस स्क्रीन. ती बाजूने पाहिली तरी रंग आणि अक्षरे फिकी पडत नाहीत. दोन भावंडे एकाच लॅपटॉपवर अभ्यास करत असतील तर ती हवीच.

नवा चकचकीत की जुना कामाचा?

दुकानात मांडलेले टचस्क्रीनचे लॅपटॉप बहुतेक चकचकीत काचेचे असतात. ऑफिसच्या कामासाठी बनवलेले बिझनेस लॅपटॉप, म्हणजे लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, बहुतेक मॅट स्क्रीनचे असतात. कंपन्या काही वर्षे वापरून ते काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा माल पुष्कळ असतो आणि आपल्याकडची मंडळी मुंबईच्या भावाला किंवा मामाला सांगून तो मागवतात.

अशा खरेदीत तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली: नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नये. थिंकपॅड टी ४८० हे एकच नाव, पण त्यात कमी रेझोल्यूशनची स्क्रीनही आली आणि फुल एचडी आयपीएसही. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, तेच मागावे.

दुसरी: काही एलिटबुकमध्ये शेजारच्याला दिसू नये अशी खास स्क्रीन असते. ऑफिसात ती सोयीची, पण दोघांनी मिळून अभ्यास करायला कुचकामी.

तिसरी: मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यापेक्षा जुना लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी विचार करूनच घ्यावा.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. स्क्रीन बंद असताना तिच्यासमोर मोबाइलचा टॉर्च धरा. दिव्याचा स्पष्ट ठिपका दिसला तर स्क्रीन चकचकीत. धुरकट डाग दिसला तर मॅट.

२. स्क्रीन सुरू करून पांढरे पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा आणि लॅपटॉप दुकानाच्या दाराशी नेऊन मराठी मजकूर वाचून बघा.

३. डावीकडून, उजवीकडून आणि वरून बघा. चेहरे काळे पडत असतील तर ती आयपीएस नाही.

४. पांढऱ्या आणि काळ्या पानावर डाग, पिवळेपणा, कीबोर्डचे वळ आहेत का ते पाहा.

५. उजेड अगदी कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून स्क्रीन बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर स्क्रीन लुकलुकते आहे. काहींचे डोके त्याने दुखते.

मुंबईहून मागवत असाल तर बंद स्क्रीनचा ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आधी मागवा. फोटोत ट्यूब रेघेसारखी स्वच्छ दिसली तर नको म्हणा.

घरात चकचकीत लॅपटॉप आधीच असेल तर तो विकायची गरज नाही. त्यावर लावायची मॅट फिल्म मिळते. अक्षरे किंचित मऊ दिसतात, पण आरसा जातो.

घरी कसे बसावे?

दार पाठीमागे असेल तर ऊन स्क्रीनवर पडते. दार समोर असेल तर डोळे दिपतात. म्हणून दार डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवून बसावे. जागा लहान असेल तर दुपारी दाराला जुनी साडी लावली तरी फरक पडतो. स्क्रीन एक हात लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या थोडी खाली असावी. अक्षरे मोठी करून घ्यावीत. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघावे. बंदरातल्या बोटी बघितल्या तरी चालेल, मात्र चमकणाऱ्या पाण्याकडे नको.

खाऱ्या हवेने स्क्रीनवर थर बसतो. बंद स्क्रीन मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसावी. काच पुसायचे स्प्रे मॅट थर खराब करू शकतात.

निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नयेत. कोक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनचा थकवा अशा चष्म्याने कमी होतो असे त्यातून दिसले नाही.

आधी डोळे तपासा

स्क्रीन बदलूनही डोके दुखत राहिले, फळ्यावरचे दिसेना झाले, किंवा चाळिशीनंतर जवळचे वाचता येईना झाले, तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर त्रास नसतानाही वर्षातून एकदा तपासणी हवी. अचानक कमी दिसू लागले, डोळ्यासमोर पडदा आला, वीज चमकल्यासारखे दिसले किंवा डोळा लाल होऊन खूप दुखला, तर त्याच दिवशी जावे.

बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेह होता, दृष्टी अधू झाली होती, तरी त्यांचे वाचन आणि लेखन थांबले नाही. त्या कष्टांपुढे आपण नतमस्तक होतो. पण आपल्या मुलांनी डोळे दुखवून घेत शिकावे, असा त्याचा अर्थ नाही. आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवून विचारा, स्क्रीनवर नीट दिसते का? आणि खरे सांगितले तर लॅपटॉप काढून घेणार नाही, हेही त्यांना सांगा.