मोठ्या प्रदक्षिणेतील सक्तीचे मुक्काम

आपल्याकडे निवृत्तीनंतर काशी-रामेश्वर, चारधाम किंवा परदेशातील मुलांकडे जाण्याचे बेत आखले जातात. ऑस्ट्रेलियात मात्र निवृत्त झालेली असंख्य दांपत्ये मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर जोडतात आणि वर्षभरासाठी घराला कुलूप लावतात किंवा ते भाड्याने देऊन निघतात. 'ग्रे नोमॅड्स', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे त्यांचे गमतीचे नाव आहे. खंडाला वळसा घालणारा 'हायवे वन' हा महामार्ग सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीचा आहे. दिवसाला २०० किलोमीटर धरले, तर ही प्रदक्षिणा अडीच महिन्यांत पुरी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ चालते. हा वेळ केवळ स्थळदर्शनात जात नाही. त्यातील बराच भाग खोळंब्यांचा असतो, आणि हे खोळंबे कसे येतात हे समजून घेतल्याशिवाय या प्रवासाचे गणित कळत नाही.

पहिले कारण निसर्ग. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा व चक्रीवादळांचा काळ असतो. त्यामुळे जाणते प्रवासी मे ते सप्टेंबर उत्तरेत आणि उन्हाळा दक्षिणेत घालवतात. हे वेळापत्रक पाळूनही अडचणी येतातच, कारण या विस्तीर्ण देशात अनेक ठिकाणी पर्यायी रस्ताच नसतो. जानेवारी २०२३ मध्ये 'एली' चक्रीवादळानंतरच्या महापुरात पश्चिम ऑस्ट्रेलियातील फिट्झरॉय क्रॉसिंग येथील महामार्गावरचा पूल निकामी झाला. नवा पूल त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खुला झाला. आदल्या वर्षी, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियातील अतिवृष्टीने स्टुअर्ट महामार्ग तुटला आणि कूबर पीडी या गावाला विमानाने अन्न पोहोचवावे लागले. नॉर्समन ते सेडूना हा नलारबॉर मैदानातून जाणारा सुमारे १,२०० किलोमीटरचा रस्ता २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या आरंभी वणव्यांमुळे कित्येक दिवस बंद होता. त्यानंतर आली करोनाची साथ. एप्रिल २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमेवर घातलेले कडक निर्बंध मार्च २०२२ मध्येच पूर्णपणे उठले.

दुसरे कारण यंत्राचे. कॅरॅव्हॅनला इंजिन नसते, म्हणून तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तविक लांबच्या प्रवासात चाकांची बेअरिंगे, टायर आणि पाटे हेच भाग आधी दगा देतात. यामागे बहुधा वजन असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात सुटे भाग, खुर्च्या, हत्यारे, शिधा यांची भर पडते आणि गाडी ठरवून दिलेली मर्यादा नकळत ओलांडते. त्यातच कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात. किंबर्ली प्रदेशातील सुमारे ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तेथे पाटा तुटला, तर बदलीचा पाटा शेकडो किलोमीटरवरून मागवावा लागतो. दुरुस्ती दोन तासांची आणि प्रतीक्षा दोन आठवड्यांची, असा प्रकार त्यामुळे घडतो. निघण्यापूर्वी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेणे आणि प्रत्येक थांब्यावर चाकाचा मध्यभाग अवाजवी तापला आहे का, हे पाहणे, या दोन साध्या सवयी मोठा खोळंबा टाळू शकतात.

तिसरे कारण शरीर. साठी-सत्तरीत औषधे बरोबर असतात, तपासण्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, आणि दूरच्या गावात तज्ज्ञ डॉक्टर नसतो. १९२८ मध्ये सुरू झालेली 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' गंभीर रुग्णाला विमानाने शहरात नेते, पण मागे राहिलेली मोटार आणि कॅरॅव्हॅन कोणी हाकायची, हा प्रश्न उरतोच. दोघांपैकी एकालाच कॅरॅव्हॅन ओढत गाडी चालवता येत असेल, तर एका आजारपणात सारा संसार वाटेत अडकतो. म्हणूनच निघण्यापूर्वी दोघांनीही ही गाडी चालवणे, वळवणे आणि मागे घेणे शिकून घ्यावे, असा सल्ला दिला जातो. न्यू साउथ वेल्समध्ये वयाच्या ७५ व्या वर्षापासून वाहनचालकाला दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. तिची तारखही प्रवासाच्या आखणीत धरावी लागते.

या सर्व खोळंब्यांची खरी किंमत दिवसांत मोजून चालत नाही, ती ऋतूंत मोजावी लागते. सप्टेंबरमध्ये उत्तरेत तीन आठवडे दुरुस्तीसाठी गेले, तर पुढचा टप्पा केवळ तीन आठवड्यांनी लांबत नाही. तोवर उकाडा वाढतो, पाऊस जवळ येतो आणि पुढचे कच्चे रस्ते पुढील वर्षावर टाकावे लागतात. याच टप्प्यावर मोह होतो तो हरवलेला वेळ भरून काढण्याचा. मग माणसे थकलेली असतानाही गाडी हाकतात, कांगारू रस्त्यावर येतात अशा तिन्हीसांजेला प्रवास करतात, ५३ मीटर लांबीच्या 'रोड ट्रेन'ला ओलांडू पाहतात किंवा पाण्याखालच्या रस्त्यात गाडी घालतात. खोळंब्याने सहसा जीव जात नाही, तो भरून काढण्याच्या घाईने मात्र जाऊ शकतो. पूर आलेल्या रस्त्यावरून जाण्याचा विचारच सोडून द्या, असे क्वीन्सलँडचे सरकार वारंवार बजावते ते यासाठीच.

आपल्या परंपरेला हे शहाणपण नवे नाही. नर्मदा परिक्रमेला निघालेले परिक्रमावासी चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करतात आणि पाऊस सरल्यावर पुढे निघतात. तो मुक्काम परिक्रमेतील खंड मानला जात नाही, तो तिचाच भाग असतो. ऑस्ट्रेलियातील अनुभवी भटकेही हेच करतात. वेळापत्रकात मोकळे आठवडे ठेवतात, परतीची तारीख कोणाला कळवत नाहीत आणि खर्चाच्या अंदाजात एखादी मोठी दुरुस्ती गृहीत धरतात. मेलबर्न-सिडनीला मुलांकडे जाऊन भाड्याच्या गाडीने फिरण्याचा बेत करणाऱ्या मराठी आईवडिलांनी मात्र एक भेद लक्षात घ्यावा. त्यांच्या हाती परतीचे विमान तिकीट असते. ज्यांची तारीख बांधलेली आहे, त्यांनी जवळचा आणि पर्यायी रस्ते असलेला प्रदेशच निवडावा. निवृत्तीने दिलेली मोठी ठेव म्हणजे वेळ. ती हाताशी असेल तरच खंडाची प्रदक्षिणा सुखाची होते.